दादांची लेटन्सी

तोंडातून निघालेला आवाज त्याच क्षणी पोचलाच पाहिजे, असा हट्ट साऱ्या विश्वाकडे धरून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. तिच्यामुळे मीही त्यांना दादाच म्हणतो. सगळी नोकरी त्यांनी बस आगारात माईकवरून गाड्या पुकारण्यात घालवली. तिथे इकडे बोललं की तिकडे ऐकू येई. तेवढ्यावरून जगाविषयी त्यांचं जे मत झालं ते निवृत्तीनंतरही बदललं नाही. मी डोंबिवलीहून फोन करावा, तर त्यांचं पहिलं वाक्य, "दाजी, मी जय भीम म्हटलं आणि तुमचा जय भीम मागून आला. नेटवर्क आहे, की विचार करत होता?" टीव्हीवर बातम्या देणारीचे ओठ आधी आणि शब्द नंतर यायला लागले की ते टीव्हीच बंद करत. "ओठ एक बोलणार, आवाज दुसरंच. बातमी खरी मानायची कशी?" शेजाऱ्यांच्या लग्नाच्या व्हिडिओत टाळ्या हातांच्या आधीच वाजल्या, तेव्हा त्यांनी वधूपित्याला जिन्यात गाठून विचारलं होतं, ही लग्नाची टाळी आहे की साखरपुड्याची.

अशा माणसाने ठाण्याच्या नौपाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलं. त्यामागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. माझी बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. आजारपणात तिने स्वतः बांधलेलं एक भीमगीत माझ्या फोनवर गाऊन ठेवलं होतं. साथीला काही नाही, नुसता आवाज. "दादा, यात तुझा आवाज घाल. दोघं मिळून म्हणू," असं तिने त्यांना सांगितलं होतं. ते राहून गेलं. आता पहिल्या स्मृतिदिनाला विहारात ते गाणं दोघांच्या आवाजात लागावं, एवढं एकच दादांना हवं होतं. पण हेडफोन लावून ते तिच्याबरोबर गात, आणि नंतर ऐकायला बसलं की त्यांचा आवाज तिच्या मागे रेंगाळत येताना सापडे.

याला लेटन्सी म्हणतात, असं कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराने सांगितल्यापासून दादा त्या शब्दाचा उच्चार घरात शिरणाऱ्या मांजराबद्दल बोलावं तसा करू लागले. "काल नव्हती. आज परत आलेली." गुंडाळलेल्या वायरीत आवाजाला वळणं घ्यावी लागतात म्हणून वेळ लागतो, हा त्यांचा पहिला सिद्धांत. त्यासाठी माईकची वायर कॉम्प्युटरपासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत सरळ ताणली गेली आणि दादा ओट्याशी उभे राहून गाऊ लागले. वहिनी आमटीचं पातेलं घेऊन ती वायर ओलांडत. "अहो, मी इथे आपटले तर तो आवाज तरी वेळेवर पोचेल ना?" मग कुणीतरी सल्ला दिला की कॉम्प्युटरवरचा भार कमी करा, तर दादांनी आधी त्याच्यावर ठेवलेलं चष्म्याचं घर आणि औषधांचा डबा उचलला. पुढे बफर सापडला. बफर म्हणजे आवाज साठवायची टाकी. ती लहान केली की आवाज लवकर येतो, फार लहान केली की तडतडतो. दादांनी ती इतकी लहान केली, की माझी बायको पापड तळता तळता गाते आहे असं वाटायला लागलं. शेवटी निम्मा उशीर लेकीने भेट दिलेल्या बिनवायरीच्या हेडफोनचा आहे असं निघालं. त्यांनी तिला लगेच फोन लावला. "बाळा, भेट छान आहे गं, पण हळू आहे."

वायरवाला हेडफोन माईकला टेकवायचा, त्यातून टकटक वाजवायची, तीच परत रेकॉर्ड करायची आणि पडद्यावर दोन्ही रेघा जुळतात का पाहायचं, अशी त्यांची रोजची परीक्षा असे. एका दुपारी रेघेवर रेघ बसली. दादांनी मजल्यावर पेढे वाटले. काय झालं, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ते गंभीरपणे सांगत, "लेटन्सी गेली." पेढा खावा की सांत्वन करावं, हे शेजाऱ्यांना कळेना. मला त्यांनी डोंबिवलीहून बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर गाणं म्हटलं. आम्ही ऐकायला बसलो. प्रत्येक ओळीला दादा तिच्या मागेच होते.

"कॉम्प्युटर चुकला," दादा पुटपुटले.

"कॉम्प्युटर कशाला चुकतोय!" वहिनी मेथी निवडत होत्या. "गायन पार्टीत जन्मभर ती पुढे म्हणायची आणि तुम्ही कोरसमध्ये मागून धरायचात. तिची ओळ कानावर पडल्याशिवाय तुमचं तोंड उघडतं कुठे?"

"मग ती सुरू कधी करणार, हे मला आधी कळायचं कसं?"

"श्वास घ्यायची ना ती! चांगला मोठा, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा. तो कुठे गेला?"

दादांचा चेहरा उतरला. आवाज स्वच्छ करायचा म्हणून ओळींच्या मधली सगळी खरखर, खुडबुड त्यांनी पुसून टाकली होती. श्वासही त्यातच गेले होते. मी पाठवलेल्या फाईलवरच त्यांनी हा हात फिरवला होता, त्यामुळे त्यांच्याकडे आता दुसरं काहीच नव्हतं.

"दाजी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या फोनमध्ये असेल का हो?"

होतं. वर्षभर मी ते ऐकलं नव्हतं. त्यांना पाठवतानाही न ऐकताच पाठवलं होतं. मी फोन त्यांच्या हातात दिला. गाणं पुन्हा कॉम्प्युटरमध्ये गेलं, दादा डोळे मिटून माईकसमोर उभे राहिले. आम्हाला हेडफोनमधलं काही ऐकू येत नव्हतं. श्वास घेताना त्यांचे खांदे एकदम वर आले, आणि ते गायला लागले. 

मग त्यांनी दोन्ही आवाज स्पीकरवर लावले. बहीणभाऊ एकदम सुरू झाले. शेवटपर्यंत बरोबर होते. पडद्यावरच्या रेघांकडे कुणीच पाहिलं नाही. वहिनींच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली होती.

"जमलं ना?" दादांनी विचारलं.

मी मान हलवली. मग म्हणालो, "दादा, सुरुवात परत लावता?"

"पहिली ओळ?"

"तिच्या आधीचं."

 दादांनी स्वतःचा आवाज बंद केला आणि नुसता तिचा लावला. श्वास ऐकू आला, आणि ओळ सुरू व्हायच्या आत त्यांनी तो थांबवला. आणि मी काही बोलायच्या आत पुन्हा लावला.