पायलीच्या घरांची गंगाक्का

गंगाक्का माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी हाताकडे. लग्न होऊन मी भालकीत आले त्याच्या तिसऱ्या दिवशी ती आमच्या ओसरीवर येऊन बसली होती. सासूबाईंनी मला पुढे केलं. तिनं माझा डावा हात ओढून घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिला आणि म्हणाली, "सव्वादोन. गावात असा हात अजून एकच हाय." माझं नाव, माहेर, शिक्षण यांपैकी काहीच तिनं विचारलं नाही. मला जरा रागच आला. पुढे कळलं की ती तहसीलदाराच्या घरच्यांनाही मापानंच ओळखते.

ती कासारीण. बाजारात तिचं बांगड्यांचं छोटं दुकान होतं. नवरा हैदराबादहून रेल्वेनं माल आणायचा, बाकी सगळा कारभार तिचा. त्या काळी चांगल्या घरच्या बायका बांगड्या भरायला बाजारात जात नसत, म्हणून टोपली घेऊन तीच घरोघर फिरायची. मराठी घरात मराठी, लिंगायतांच्या घरात कानडी आणि मुसलमानांच्या घरात दखनी. तिन्ही भाषांत ती सारख्याच ठसक्यानं नाही म्हणू शकत असे.

तिच्या धंद्याची एक रीत होती. रब्बीची ज्वारी घरात आली की जी बाई तिला दोन पायल्या मोजून देई, ते 'पायलीचं घर'. पायलीच्या घरात वर्षभर बांगडी वाढली (बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही) तर दुसरी फुकट. सणाचा माल आला की टोपली आधी तिथं उतरायची. आणि रेशमी म्हणजे पातळ, नाजूक काचेच्या बांगड्या फक्त याच घरांना मिळायच्या. बाकीच्यांनी रोख पैसे द्यायचे आणि उरलेल्यातून निवडायचं. यावरून गावात कुरकुर होतीच. रोख देणारीनं मागे राहायचं, हा कुठला न्याय, असं एकीनं माझ्यासमोर तिला विचारलं होतं.

"रोकड येती आन जाती," गंगाक्का म्हणाली. "जर्मनची लढाई सुरू झाल्यापासून माल कवा येतोय, कवा न्हाई. तवा माझी चूल ह्या जवारीवर पेटती. जी मला बाराही महिने धरून ऱ्हाती, तिला मी पयलं धरायचं न्हाई तर कुनाला?"

एकदा तहसील कचेरीतल्या पेशकारसाहेबांच्या बेगमनं पडद्याचा टांगा दुकानासमोर उभा करून रेशमी बांगड्या मागितल्या, दुप्पट भावानं. बाजार बघत उभा राहिला. गंगाक्का टांग्याजवळ गेली आणि पडद्याशी तोंड नेऊन म्हणाली, "अब्बी नक्को बीबी, ये माल बोलेला है. पायली डालो, अगले साल पहले तुमकोच." दुसऱ्या दिवशी पेशकारांच्या शिपायानं दोन पायल्या ज्वारी आणून टाकली. बेगमनं वर्षभर वाट पाहिली. आमच्या सासूबाईंना ही गोष्ट सांगताना इतका आनंद व्हायचा, की त्यांच्या दृष्टीनं पायलीचे पैसे त्यातच वसूल होत असावेत.

लग्नानंतरची माझी ती पहिली संक्रांत. लढाईमुळे रॉकेल आणि बांगड्या दोन्ही मिळेनाशा झालेल्या. गंगाक्काच्या नवऱ्याला जेमतेम एक पेटी मिळाली होती. सणाच्या चार दिवस आधी सकाळीच ती आली, पण टोपली उतरवली नाही.

"सूनबाई, तुमच्या मापाच्या दोन डझन हिरव्या आल्यात. पर एक इचारायचं हाय. मारुती गाडीवानाच्या शांताचं लगीन माघात हाय. तिचा हात तुमच्यावानी. ह्या मापाच्या दुसऱ्या हिरव्या मला सगळ्या हैदराबादेत मिळाल्या न्हाईत. तुमी सोडल्या तर तिचा चुडा भरते."

"मग मला?"

"तुमाला लाल हायेत. त्याच मापाच्या."

मारुती गाडीवानाकडे शेत नव्हतं, त्यामुळे ते पायलीचं घर नव्हतं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "सूनबाईच्या हातात भरायच्या हायेत. तिलाच इचार."

त्या घरात माझं मत कुणी विचारायची ती पहिलीच वेळ. हळदीकुंकवाला गावातल्या साऱ्या बायका येणार, नव्या सुनेच्या हाताकडे बघणार, हे माझ्या डोक्यात होतं. शांता डोक्यात नव्हती. मी म्हणाले, "न्हाई. पायली आमी घातलीया."

"व्हय, ते खरं हाय," असं म्हणून गंगाक्कानं टोपली उतरवली. माझा हात चेपून चेपून तिनं दोन डझन बांगड्या भरल्या, एकही वाढू दिली नाही. रीतीप्रमाणे मी तिच्या पाया पडले. तिनं रोजचा आशीर्वाद दिला, एक शब्द कमी न करता. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं.

शांताच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. तिच्या हातात अडीचच्या हिरव्या बांगड्या होत्या. मनगटाशी दोरा बांधून गंगाक्कानं त्या कशाबशा थोपवल्या होत्या आणि पोरीला मूठ मिटून ठेवायला सांगितलं होतं. माळ घालताना मूठ उघडावीच लागते. तिनं हात वर केले, बांगड्या कोपराकडे सरकल्या. हात खाली आले तेव्हा दोरा सुटला होता. एक बांगडी फरशीवर पडून वाढली. चिंताकीहून आलेल्या नवऱ्याकडच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी अक्षता टाकत होते. माझे हात वाजत होते, म्हणून मी ते पदराखाली घेतले.

चिंताकीकडून माणसं आली की खबर कळायची. शांताच्या सासरी म्हैस आटली, की दोष त्या बांगडीचा. सासऱ्याला ताप आला, की बांगडी. पहिलं मूल राहिलं नाही, तेव्हाही तेच.

शांताच्या लग्नाच्याच वर्षी रब्बीनंतर गंगाक्का पायली मागायला आली आणि ओसरीवर बसण्याआधीच तिनं सांगितलं, "औंदापासून लगनघर पयलं, मग पायलीचं घर. मी कुनाला इचारनार न्हाई. पटलं तर घाला."

"मग आमी कशाला घालायची?" सासूबाई म्हणाल्या.

"वाढलेली बांगडी फुकट हाय. सणाला टोपली आदी तुमच्याच दारात हाय. नवरीच्या हातातलं तेवढं मागू नका."

दोन घरांनी पायली बंद केली. सासूबाई दिवसभर धुसफुसल्या आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, "घाल जा." मी शिगोशीग माप घातलं. गंगाक्कानं वरची शीग हातानं सपाट केली आणि जास्तीची ज्वारी माझ्याच सुपात परत टाकली.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. गावोगाव लुटालूट-जाळपोळीची भीती पसरली होती, ज्यांना जमेल ते लोक हैदराबाद संस्थानाची सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे निघाले होते. गंगाक्काचा भाऊ बार्शीला होता. आषाढात ती पोतं घेऊन दारात आली.

"पंचमी, दिवाळी, संकरात, तिन्ही सण ऱ्हायले. तुमची जवारी तुमाला."

"अहो ऱ्हाऊ द्या, वाटंत लागंल," मी म्हणाले.

"न दिलेल्या मालाची जवारी मी कामून न्यावी?" वर्षात वाढलेल्या चार बांगड्यांपुरती एक ओंजळ तिनं ठेवून घेतली आणि बाकीची मोजून माझ्या सुपात ओतली. सासूबाई घरात नव्हत्या. ती पुन्हा भेटेल असं वाटत नव्हतं, म्हणून मी विचारलं, "गंगाक्का, शांताच्या येळेला मी चुकले का हो?"

"हक्क तुमचाच व्हता," ती पोत्याचं तोंड बांधत म्हणाली.

मला हायसं वाटलं.

"आन चुकलात बी. मी बी चुकले. माझ्या दुकानातलं वझं तुमच्यावानी नव्या सुनेच्या डोक्यावर टाकलं. मीच न्हाई म्हणायचं व्हतं तुमाला."

"शांता भेटली तर तिला सांगा, मला लई वाईट वाटतंय म्हणून."

"मी बार्शीला जायलेय. चिंताकी काय लंकेत हाय व्हय? तुमीच सांगा," ती म्हणाली आणि पोतं डोक्यावर घेऊन शेजारच्या दारात गेली.

ती परत आली नाही. दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याचं पत्र आलं, बार्शीतच ती तापानं गेली. शांता मात्र आहे. तिला आता नातवंडं आहेत, असं ऐकते. भालकीहून सकाळची गाडी धरली तर चिंताकीला जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं. मी अजून गेलेले नाही.