मागचा लाल दिवा

त्या हिवाळ्यात काटोलहून सकाळी नागपूरला परतताना दाट धुक्यात एक ट्रक मागून माझ्या गाडीवर आदळता आदळता राहिला. मी पन्नाशी ओलांडल्यावर गाडी शिकलेला माणूस. त्याच दिवशी गाडीचं पुस्तक काढून बसलो आणि धुक्यासाठीच्या मागच्या दिव्याचं बटण शोधलं. बंपरच्या उजव्या बाजूला एकच दिवा, पण असा लाल की डोळ्यांत घुसावा.

धुकं चार-सहा दिवसांत ओसरलं. दिवा मात्र मी सोडला नाही. संध्याकाळी ऑफिसातून निघताना पट्टा लावायचा आणि ते बटण दाबायचं, अशी सवयच पडली. मागचे लोक लांब राहायचे आणि मला निर्धास्त वाटायचं.

"मागचे लोक सारखे डिपर देऊन राहिले तुम्हाले. काहून?" एकदा बायकोने विचारलं.

"देऊ दे," मी म्हणालो.

मग तो गुरुवार आला. संध्याकाळची साडेसहाची वेळ, रामदासपेठेतली गर्दी. गाड्या थोडं सरकत होत्या, थांबत होत्या. पुढचा ऑटो सवारी घ्यायला एकदम थांबला. मी ब्रेक दाबला आणि मागून धाडकन आवाज आला.

उतरून पाहिलं, तर स्कूटी आडवी पडलेली आणि पंचविशीची एक मुलगी उजवं मनगट पोटाशी धरून रस्त्यावर बसलेली. हेल्मेटच्या आत तिचा चेहरा पांढरा पडला होता. दोन मिनिटांत माणसं जमली.

"मागून ठोकलं म्हणजे चूक मागच्याचीच," एकजण म्हणाला.

"ताई, जरा अंतर ठेवाचं ना!" दुसरा म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमचा लाल दिवा तं कधीचा पेटूनच आहे. त्याच्यापुढं दुसरं काही दिसतच नाही. ब्रेक मारला हे मले कसं समजन?"

तिचं बोलणं कोणी मनावर घेतलं नाही. मी घेतलं. दिवा माझ्या मागेच जळत होता, त्याचा लाल उजेड तिच्या ओढणीवर पडला होता. चूक माझी आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "आधी दवाखान्यात जाऊ."

रस्त्याकडेच्या पानठेलेवाल्याने तिची स्कूटी आपल्याकडे लावून घेतली. मी तिला गाडीत बसवलं. तिने घरी फोन करून अपघाताचं आणि लोक काय बोलले ते सांगितलं. मी गाडी सुरू केली आणि सवयीने माझं बोट त्याच बटणावर गेलं. डॅशबोर्डवर त्याची बारीकशी नारंगी खूण लागलेली तिने पाहिली.

"बंद करा ना काका तो. मागं दुसरं कोणी असन."

मी बंद केला.

एक्स-रेत मनगटाचं हाड मोडलेलं दिसलं. ती एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची, म्हणजे सगळं काम उजव्या हाताचं. प्लास्टर घालायची तयारी चालू असताना तिचे वडील आले. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, हे त्यांनी दारातच सांगितलं, आणि पोरीवरच बरसले.

"तुले अंतर समजत नाही काय वं? किती बार सांगतलं!"

ती मान खाली घालून राहिली. रस्त्यावर जे बोलली होती ते तिने परत सांगितलं नाही. ते मला सहन झालं नाही.

"तिची चूक नाही," मी म्हणालो. "धुकं नसताना मी मागचा तो दिवा लावून फिरत होतो. रोजच फिरतो."

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता हात उचलतील. ते एवढंच म्हणाले, "चला, गाडी दाखवा."

पार्किंगमध्ये ते गाडीच्या मागे वीसेक पावलांवर जाऊन उभे राहिले. "लावा तो दिवा," ते ओरडले. मी लावला. "आता ब्रेक मारा. सोडा. पुन्हा मारा." मग दिवा बंद करायला लावला आणि तेच सगळं परत करायला सांगितलं. आरशात ते डोळ्यांवर हात धरून उभे असलेले दिसत होते.

ते खिडकीपाशी आले. "सारी उमर एसटी चालवली. एवढ्या गर्दीत मलेही समजलं नसतं." मग म्हणाले, "पण हे तुम्ही तिथं रस्त्यावर सांगाचं होतं. चार लोक तिले बोलून राहिले होते तेव्हा."

मी गाडी बंद करून त्यांच्याबरोबर आत गेलो.

प्लास्टर दीड महिना होतं. मी तीनदा भेटायला गेलो. वडील दार उघडायचे, पाणी द्यायचे, फारसं बोलायचे नाहीत. ती मात्र बोलायची. डाव्या हाताने वेणी घालता येत नाही म्हणून हसायची.

उन्हाळ्यात मला साखर तपासायची होती. मी मुद्दाम तिच्याच लॅबमध्ये गेलो. तिने दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. पहिल्यांदा सुई चुकली. तिने ती काढून कापूस दाबला आणि मनगट दोनदा फिरवून पाहिलं.

"वळवताना अजून अडकते थोडं," ती म्हणाली. "दुसरा हात द्या काका."

मी बाही वर केली.