ताईला जरा बसव

बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या खोलीबाहेरच बसले होते. सकाळी उरणहून पनवेलला पोचले, तर धाकटा भाऊ जितू म्हणाला, "बाबांनी सांगितलंय, ताईला जरा बसव." शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला कसलं काम असणार... पण मी बसले. तासाभराने आतून रडण्याचा आवाज आला, तेव्हा मला कुणी अडवलं नाही.

तेराव्याला सगळे म्हणत होते, केवढा मोठा माणूस, मुलाला केवढं शिकवून गेला. जमिनी नव्या शहरात गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाले, त्यावर बाबांनी इमारती उठवल्या, हे खरं. पण शिकवलं काय, ते मी चहा देता देता ऐकलेलं आहे. ऑफिसबाहेर बाकावर गिऱ्हाइकं, गवंडी, गावची म्हातारी माणसं बसलेली असायची आणि बाबा आत एसी लावून शेंगा सोलत असायचे. जितू विचारायचा, "बोलवू का त्यांना?"

"बस गप. वाट बघनारा मानूस आपसूक नरम होतो. आपुन कवा वेळेवर जायाचा नाय, नि आधी बोलायचा नाय."

एवढीच विद्या. ज्या चुलत्यांनी बाबांना लहानाचं मोठं केलं, ते एकदा नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. दुपारभर बसले आणि पत्रिका बाकावर ठेवून निघून गेले. बाबा हसले. "काम असता तर थांबला असता," म्हणाले. आम्ही त्या लग्नाला गेलो नाही.

महिन्याभराने जितू माझ्या घरी साडी घेऊन आला. आमच्यात बाप गेला की बहिणीने जमिनीचं हक्कसोडपत्र लिहून द्यायचं आणि भावाने साडी द्यायची. मी नाही म्हणणार नव्हते. चौथीनंतर माझी शाळा सोडवताना बाबा आईला म्हणाले होते, "सही येते ना तिला, मंग पुरे." आता ती सही त्यांच्या कामाला येणार होती.

ठरल्या दिवशी दहाच्या आत मी नोंदणी कार्यालयात हजर. वकील आले, साक्षीदार आले, जितू नाही. वकिलांनी फोन लावला आणि हसून मला म्हणाले, "घरीच आहे. म्हणतो, ताईला जरा बसवा. अगदी बाबांवर गेलाय." आमचा नंबर पुकारला, गेला. पुढचाही गेला. जी बाई फुकट द्यायला आली आहे तिला आणखी नरम काय करायचं? एवढं कळण्याइतकंही बापाने त्याला शिकवलं नव्हतं. मी पिशवी उचलली आणि बस पकडली.

संध्याकाळी तो आला. पहिल्याच बेलला मी दार उघडलं.

"ताई, थांबायचा ना जरा. ट्रॅफिक होता."

"तुझा घर त्या हापिसाच्या मागल्या गल्लीत हाय, जितू."

"बरं, आता कवा येतेस?"

"नाय येत. मी सही करनार नाय. साडी घेऊन जा."

तो ओठ मिटून पंख्याकडे बघत राहिला, थेट बाबांसारखा. मग साडी घेऊन खाली गेला आणि गाडीत बसला. गाडी सुरू केली नाही. काच तेवढी खाली केली... मी मागोमाग खाली येईन म्हणून.

माझा भात झाला होता. मी मुलांना वाढलं, मग स्वतः जेवले. भांडी घासून खिडकीत आले, तर गाडी तिथेच होती.