खिडकीवरचा फ्लेक्स

ज्या वृद्ध वास्तुविशारदांनी ते सभागृह बांधलं, त्यांचाच तिथे जीवनगौरव होता. व्यासपीठामागे त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याचा भलामोठा फ्लेक्स लावला होता. शाल अंगावर घेताना ते संयोजकांना हळूच म्हणाले, "याच्या मागे खिडकी आहे. दिवसा दिवे लावावे लागू नयेत म्हणून ठेवली होती."

"हो सर, पण फोटोत उजेड मारतो," संयोजक अदबीने म्हणाले.

भाषणं रंगात आली आणि वीज गेली. भर सकाळी मिट्ट काळोख. कुणी जनरेटरवाल्याला हाका मारू लागलं, बाकीच्यांनी मोबाइलचे टॉर्च लावले. मीही लावला. फ्लेक्सची दोरी सोडायला मात्र कुणी उठलं नाही.

माणसाचा गौरव करायची आपली रीतच अशी असावी. त्याचा चेहरा आपण एवढा मोठा करतो की त्याचं काम त्यामागे झाकून जातं, आणि मग त्या कामाची आठवणही कुणाला होत नाही.

फ्लेक्सच्या कडेने उन्हाची एक बारीक रेघ आत आली होती. सर खुर्ची वळवून तिच्याकडे बघत बसले होते. थोड्या वेळाने जनरेटर सुरू झाला, सगळे दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या झगझगाटात ती रेघही पुसली गेली.