परक्या कोटातले हात

बाबांच्या त्या फोटोची मला पहिल्या दिवसापासून किळस येते. अकोल्याच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर, बाबा निळा कोट घालून नक्षीदार खुर्चीत बसलेत आणि खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर दोन गोरे, गुबगुबीत हात आहेत. एका बोटात अंगठीसुद्धा. बाबांनी जन्मात कोट घातला नाही. उभं आयुष्य बडनेऱ्याला रेल्वेच्या रुळांवर उन्हात काढलं. उजव्या हाताचं मधलं बोट तर लहानपणीच, गावाकडे कडबा कापायच्या यंत्रात अर्धं गेलं होतं. फोटोत मात्र दहाही बोटं शाबूत आहेत.

हा माझ्या धाकट्या भावाचा पराक्रम. माणूस गेला की आमच्याकडे घाईघाईनं फोटो शोधला जातो. कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून डोकं कापायचं आणि स्टुडिओवाल्याकडे द्यायचं, तो ते तयार कोटावर बसवून देतो. वस्तीतली अलीकडे गेलेली निम्मी माणसं त्याच कोटात, त्याच खुर्चीत बसली आहेत. शेजारच्या काकांच्या बोटातही तीच अंगठी आहे. हे कुणालाच कसं खटकत नाही, याचा मला संताप यायचा, आणि भावाला मी तो बोलूनही दाखवायचे.

खटकलं होतं फक्त आईला. तिनं त्या फोटोला एकदाही हार घातला नाही. भाऊ घालतो, भावजय घालते, आई बघत बसते. मी एकदा कारण विचारलं.

"हे हात कोनाचे व्हय?" ती म्हणाली. "दुसऱ्याच्या मानसाले म्या काहून हार घालू?"

बाबांना जाऊन वर्ष भरत आलं तेव्हा पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे स्मरणाच्या, कार्यक्रमात टीव्हीवर दाखवायला त्यांचं डिजिटल स्क्रॅपबुक करायचं ठरलं. मी अमरावतीला एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. "ताई, तुले कम्प्युटर येते," म्हणून भावानं ते माझ्या गळ्यात मारलं. मी आनंदानं घेतलं. बाबांचा त्यांच्या स्वतःच्या हातांचा एक फोटो शोधून देईन, असा आईला शब्द दिला. त्यासाठी फोटो लावून देणारं एक सॉफ्टवेअर घेतलं आणि सगळ्यांचे फोन त्यात ओतले. माझ्याकडे आलं की तुमच्याकडचं पुसून टाका, जागा होईल, असंही वर शहाणपण शिकवलं. सगळ्यांनी पुसलं.

मग ते उघडलं आणि शिसारी आली. सुप्रभातचे गुलाब. अर्धवट खाल्लेल्या ताटांचे फोटो. डॉक्टरला दाखवायला काढलेला कुणाचा तरी पिकलेला अंगठा, सहा वेळा. वाढदिवसाचा केक तोंडाला फासलेली पोरं. वीजबिलं. माणसं इतकी घाण खिशात घेऊन फिरतात, याची मला कल्पना नव्हती. सॉफ्टवेअर बिचारं निमूटपणे निवडत होतं: हे दुहेरी, हे स्क्रीनशॉट, हे अस्पष्ट. काढून टाकू का, असं प्रत्येक ढिगाला विचारत होतं. मी हो म्हणत गेले. डिस्क भरली तशी कचरापेटीही रिकामी केली. घर झाडल्यावर वाटतं तसं मोकळं वाटलं.

त्यानंतर चेहऱ्यांची पाळी. गोल चौकटीत एकेक चेहरा यायचा आणि खाली प्रश्न, ही व्यक्ती कोण? बाबांचा गोल दिसला तेव्हा बरं वाटलं. आत दोनशेहून जास्त फोटो होते. दोनशे वेळा तोच कोट. श्रद्धांजलीची चौकट, दोन मेणबत्त्या, खाली स्नेहीजनांची नावं, ग्रुपाग्रुपांतून फिरून परत आलेली. मी लॅपटॉप मिटला आणि साबणानं हात धुऊन आले.

हात धुताना लक्षात आलं. बाबांचा फोटो काढायला कुणी मोबाइल उचलला की त्यांचा उजवा हात वर यायचा. "नको काढू, रील वाया जाते." मोबाइलमध्ये रील नसते, हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं. तरी हात वर यायचाच. म्हणजे मोबाइलवरच्या त्यांच्या प्रत्येक फोटोत चेहऱ्यासमोर हललेला पंजा असणार. असा फोटो कुठलंही यंत्र अस्पष्टच म्हणणार. आणि तो ढीग मी उघडूनही पाहिला नव्हता.

चार दिवस शोधलं. कुणाच्याच फोनवर काही उरलं नव्हतं. सॉफ्टवेअरच्या यादीत तेवढी एक तिकिटाएवढी प्रतिमा राहून गेली होती, शेजारी सूचना: मूळ फाइल सापडत नाही. वर आलेला तळवा, त्याच्यामागे एक कान. मोठं करायला गेलं की बोटांचे नुसते चौकोन व्हायचे. होतं तेवढंच ठेवलं तर मात्र अर्धं बोट ओळखू यायचं. तेवढ्याचीच प्रिंट काढून घेतली. स्क्रॅपबुकही पूर्ण केलं, तयार साच्यातली लेस, पिसं, आपल्याकडे कधी न उगवणारी लाल पानं लावून, मधोमध कोट.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी अकोल्याला पोचले. भावानं टीव्हीवर ते लावलं. लाल पानं उडू लागली तसा तो खूश झाला. आईनं तिकडे बघितलं नाही. मी प्रिंट तिच्या तळहातावर ठेवली. ती खिडकीशी गेली, उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. मग भिंतीवरची फ्रेम भावाला खाली काढायला लावली, स्वयंपाकघरातून भाताचं शीत आणलं आणि तो तिकिटाएवढा हात काचेवर, अंगठीवाल्या हाताच्या बरोबर वर चिकटवला. भावजयीनं हार पुढे केला. आईनं त्यातलं एकच फूल घेऊन तिथे ठेवलं.

"बाकीचे कुठी हायेत?" तिनं विचारलं. "त्याईचा हात तं सगळ्याइच फोटोत होता."

मी सांगितलं, की ते मीच पुसले, न बघता, कचरा समजून.

भावानं रिमोट उचलून टीव्ही बंद केला. त्यानं मला बोलायला हवं होतं, मी त्याला वर्षभर कमी बोलले नव्हते.

आईनं शीत नीट दाबलं. "यानं डोक्याखालचा मानूस कापला," ती म्हणाली, "अन् तू उरलेला हात फेकला. मंग याले वर्षभर कायले बोलत होती?"