शॉटला स्पॅनिशमध्ये काय म्हणावं

राजनंदिनीच्या हातून रोज माणसं मरायची. हसू नका, खरंच सांगतोय. साताऱ्यात स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसून ती मारामारीच्या मोबाइल गेममधलं इंग्रजी स्पॅनिशमध्ये करायची. पुण्यात शिकलेली ही भाषा, आणि मन लावून शिकलेली. कंपनी चित्र दाखवायची नाही, नुसती वाक्यं धाडायची. आता 'शॉट' हा शब्द घ्या. गोळी झाडली तर 'दिस्पारो', दारूचा घोट असला तर 'त्रागो', कॅमेऱ्याचा असला तर 'तोमा', सुई टोचली तर 'इन्येक्सिओन'. 'वन मोर शॉट' एवढंच आलं तर बाईनं करायचं काय? मागचंपुढचं वाचायचं, आणि गड्याच्या हातात बंदूक आहे की ग्लास ते ताडायचं.

नवरा जयराज. दोन जेसीबींचा मालक, चारचौघांत गोड. घरात त्याला हात उचलायला कारण लागत नसे. दोनदा ती सुजलेल्या तोंडानं माहेरी गेली, आणि दोन्ही वेळा आई विजयमालानं "सांभाळून घे, पोरी" म्हणत तिला परत एसटीत बसवलं.

आषाढातल्या एका दुपारी तो जेवायला आला तेव्हा ती त्याच शब्दापाशी अडली होती.

"ताट वाढ."

"एवढं पाठवते आणि उठते."

"एका शब्दाला तासभर? कुणाशी बोलत बसतीस?"

त्यानं लॅपटॉपचं झाकण तिच्या हातावर आपटलं. मग तिचं मनगट टेबलाच्या कडेवर धरून वरून गुडघा दिला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. दवाखान्यात ती म्हणाली, न्हाणीघरात पाय घसरला. मेलीला खोटंसुद्धा नवं सुचलं नाही!

नागपंचमीला ती गळ्यात हात बांधून माहेरी आली. तिच्या गावाची रीत जगावेगळी. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या अल्याड-पल्याडच्या दोन गावांतल्या बाया काठावर उभ्या राहतात आणि डफाच्या तालावर एकमेकींना पोटभर शिव्या देतात. पोलीस मध्ये असतात. गडीमाणसानं पाण्यात पाय घालायचा नाही, आणि ओढ्यातला राग घरी न्यायचा नाही.

पल्याडच्या बायांत माया पुढं होती, दंड नुसते मुसळासारखे. ती ओरडली, "आगं ए वाळक्या शेंगे! हात मोडून घेतलास, आता त्वांड बी मोडू का?"

"ये की म्हशे! उतर पाण्यात, वढा आटंल तुझ्या बुडानं!"

काय आवाज लागला होता तिचा! एरवी एकेका शब्दाचे चार अर्थ चाळत बसणारी बाई, इथं तिला काही चाळायचं नव्हतं. घोटाभर पाण्यात उतरून ती उभी होती, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या आणि ती हसत होती.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ जयराजला धाडला. तासाभरात त्याची गाडी काठावर आली. तो सरळ पाण्यात घुसला, तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तोंडात भडकावली. "माझी अब्रू काढतीस व्हय गं?" ओठ फाटला. त्यानं बांधलेला हात पिरगाळला तशी ती गुरासारखी ओरडली. डफ थांबले.

अल्याडच्या बाया जागच्या हलल्या नाहीत. हलणार कशा? गावचा जावई! जावयावर हात टाकायचा म्हणजे पाप. विजयमालानं तर पदर तोंडात कोंबला.

"आमचा न्हाई गं त्यो जावई!" माया पल्याडून गरजली आणि पाण्यात उतरली. तिच्यामागं सगळा काठ उतरला. मग जे झालं ते झालं. चपला, दगड, लाथा. कुणी केस धरले, कुणी त्याचं तोंड गाळात दाबलं. नाकातलं रक्त पाण्यात पसरलं. दोन पोलीस बायांच्या गराड्यात कुठं पोचतायत!

"राजे," तो गाळ थुंकत केकाटला, "सांग की ह्यास्नी!"

बायांचे हात थबकले. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. ती ओठाचं रक्त पुसत उभी होती.

"आवं काकू," ती मायाला म्हणाली, "थांबलासा का?"

शेवटी पोलिसांनी त्याला ओढून बाहेर काढलं. विजयमाला धावत आली. "पोरी, जावई हाय. पाया पड, मिटव."

हवालदारही म्हणाला, "घरचंच हाय न्हवं? धक्काबुक्की झाली म्हणून लिवतो."

"धक्काबुक्की न्हाई," राजनंदिनी म्हणाली. "नवऱ्यानं हाड मोडलं, असं लिवा. मी घसरून पडले न्हवते."

ते लिहून होईपर्यंत ती हलली नाही. मग ती मायाबरोबर ओढा ओलांडून पल्याड गेली. मागून आई हाका मारत होती, "घरला ये गं! लोक काय म्हनतील?" तिनं वळून बघितलं नाही.

मायानं तिला ओसरीवर बसवलं, फाटलेल्या ओठाला हळद लावली आणि विचारलं, "सकाळधरनं काय खाल्लंस का गं?"

तेव्हा कुठं राजनंदिनी रडायला लागली.