धर्माची मूठ

इंग्रजांच्या अमलात धामणगाव बढे या गावात माझं किराणा दुकान होतं. आमची रीत अशी, की गिऱ्हाइकाचं धान्य मापून झालं की त्यातलीच एक मूठ 'धर्माची' म्हणून दुकानदारानं काढायची आणि मडक्यात टाकायची. ते देवळातल्या सदावर्ताला जाई. वाटसरू, गोसावी तिथं जेवत. मला भारी अभिमान! लहान-मोठा भेद नाही, मूठ सगळ्यांना सारखी.

मग का कोण जाणे, गिऱ्हाईक तुटायला लागलं. पायलीनं नेणारे येत, पावशेर नेणाऱ्या बाया दिसेनात. मीही असा येडा, की मडकं मोठं आणलं. म्हटलं, धर्म वाढवला की धंदा वाढेल!

एक माळीणबाई दर बाजाराला वांगी विकून पावशेर डाळ नेई. नवरा वारलेला, घरी चार लेकरं. एका बाजारी ती दुसऱ्याच्या दुकानातून डाळ घेऊन निघालेली दिसली आणि माझा पारा चढला. सरळ तिच्या वाटेत आडवा गेलो.

"काऊन वो बाई, आमची डाळ कडू झाली का?"

"डाळ गोडच हाय भाऊ. तुमची मूठ मोठी हाय."

"धरमाले नाही म्हणता?"

"चार लोकायसमोर नाही कशी म्हणू? पायलीतून मूठ गेली तं समजत नाही. पावशेरातून गेली तं एका लेकराची डाळ जाते. पुण्य तुमाले, उपास माह्या लेकराले."

मला लाज वाटली, खरंच वाटली. तिला हात जोडले आणि म्हटलं, "या दुकानावर. इचारल्याबिगर हात लावणार नाही."

पुढच्या बाजारी ती आली. दुकानात गर्दी होती. डाळ मापून मी विचारलं, "धर्माची मूठ काढू का, माय?"

तिनं लोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज नाही, भाऊ."

"बरं," मी म्हटलं.

तिच्या मागची म्हातारी लगेच म्हणाली, "मंग माहीबी नको!" सगळे हसले. हळूहळू पावशेरवाल्या बाया परत आल्या.

मडकं मात्र निम्मंच भरलं. सदावर्ताला कमी पडू नये म्हणून मी माझं ज्वारीचं पोतं सोडलं, आणि तेव्हा कुठं ध्यानात आलं, इतक्या वर्षांत माझी स्वतःची एकही मूठ त्यात पडली नव्हती.